जावयाच्या ताटातली चिंबोरी

भिवंडी, रविवार, १९७४

आज अंजूरला सासुरवाडीत जेवलो. जावयाला अंड्यांच्या गाभोळीने भरलेली मादी चिंबोरीच वाढायची, हा तिथला रिवाज. आज ताटात नर! बायको आईवर उखडली, "यांचा काय मान हाय का न्हाय?"

किती धरावेत हे ठरवण्यासाठी खोल समुद्रातले खेकडे मोजणं ही माझी नोकरी. गाभोळीच्या माद्या परत पाण्यात सोडा, हे बोटीवाल्यांना सांगून थकलो. मागच्या खेपेला जेवताना सासूबाईंपुढेही तेच बडबडलो होतो. वाटलं, त्यांचं लक्ष वाढण्याकडेच आहे.

ओट्यावरच्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात आज सासूबाई म्हणाल्या, "जावयाचा मान मीच खाडीत सोडून आले. त्या चिंबोरीची पिलं होऊ देत."

छाती फुगली माझी! गाभोळीची आठवण आली, खोटं कशाला लिहू? पण तो नर मिटक्या मारत खाल्ला, वर आणखी एक मागून घेतला.