धुवारीतला शर्ट

७ डिसेंबर, रविवार
नागपूर. जुन्या कपड्यांच्या बाजारात ढिगातून एक शर्ट काढला. परदेशी, जुना. विटकरी, खांद्यांवर उन्हाने उडालेला. छातीला आणि पाठीला टोकदार जोडकापड, त्यावर धाग्याचे गुलाब. साध्या बटणांच्या जागी शिंपल्यासारखी चमकणारी टिचबटणं. गळ्यापाशी चिठ्ठी आहे, तिच्यावरचं गाव धुऊन गेलंय. कोपर विरलेले. या बाह्यांत कोणीतरी पुष्कळ काम केलं आहे.
धाकट्या भावाच्या, निलेशच्या मापाचा. लग्नाच्या बायोडाट्याला फोटो हवा. सुधाकरमामांचा रोज फोन. "पौष लागाच्या आत पाठवा बाप्पा. मंग महिनाभर कोनी तोंड उघडत नाई."

१३ डिसेंबर, शनिवार
कॉलेजातले माझे तास शिकवून वर्ध्याहून गावी. आंजीच्या स्टँडवर नि. मोटरसायकल घेऊन उभा. घरी शर्ट दाखवला. त्याने उलटून पाहिला, गुलाबावरून अंगठा फिरवला.
"ताई, हा बँडवाल्याचा हाय."
"नाही रे. तिकडे गुरं राखणारे घालतात."
"मंग ठीक हाय. मले वाटलं, माह्या लग्नात ढोल मलेच वाजवा लागते."
आईला पसंत नाही. "कोनाच्या आंगातला हाय कोन जाने. मेलेल्या मानसाचा असन तं?"
"मेला असन तं वापस मांगाले येत नाई, माय."
तरी आईने तो मिठाच्या पाण्यात भिजवला. वाळल्यावर त्याच्यावरून मोहऱ्या उतरवल्या. रिकाम्या शर्टावरून.

बायोडाटा मामांनी लिहिलेला. "बुटीबोरी येथे कंपनीत नोकरी." खाली, बारीक: "घरची शेती." नि. तिथे एक उन्हाळा होता, बाबा असताना. बाबा गेल्यापासून शेत तोच करतो. हे खरं लिहिलं त्या प्रत्येक वेळी स्थळ परत गेलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण शेतकरी नको. नि. पस्तिशीकडे आला. या विषयावर बोलत नाही. तूर, कपाशीची पऱ्हाटी, विहिरीवरची मोटर, एवढंच बोलतो.

१४ डिसेंबर, रविवार
मामांना स्टुडिओतला फोटो हवा, मागे बर्फाचे डोंगर. म्हटलं, आधी आपण बघू.
शर्ट, नवी जीन्स, रुंद पट्टा, घड्याळ. नाटकातला वाटला. पट्टा काढला. घड्याळ काढलं. जीन्सच्या जागी शेतातली मातकट पँट. गळ्यातला पांढरा दुपट्टा राहू दिला. वरचं टिचबटण उघडं. बाह्या दुमडू नको म्हटलं, त्याने दुमडल्या, त्याचंच बरोबर होतं. काढत जायचं, एवढंच.
पण मोबाइल समोर धरला की तो ताठ होतो. माणूस निघून जातो, शर्ट उरतो. वर दुपारचं ऊन, सगळं सपाट. एकही ठेवला नाही.
"झालं काय तुह्यं? मोटर लावाची हाय."
संध्याकाळी अंगणात उभा राहून आभाळ पाहत होता. "उद्या धुवारी पडते."
"पडू दे. फोटोला धुकं चांगलं."
माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नाही.
"तूर फुलावर हाय, ताई."

१५ डिसेंबर, सोमवार
रजा टाकली.
उजाडायच्या आत उठले तर नि.ची खाट रिकामी. शेताकडे निघाले. रस्ता दहा पावलांपुढे नव्हता. मग बाभूळ नव्हती. मग विहीर नव्हती. ओल चेहऱ्याला लागत होती, आवाज कुठूनच येत नव्हता. धुक्याला विशेषण शोधत होते, सोडून दिलं.
आधी वास आला. ओल्या काडीकचऱ्याचा धूर. नि.ने शेताच्या कडेकडेने ढीग रचून पेटवले होते. धूर तुरीवर पसरला की धुवारी फुलावर बसत नाही, फूल गळत नाही. बाबाही करायचे. मी तेव्हा गोधडीत असायची.
धूर करडा, धुकं पांढरं. दोन्ही एकमेकांत शिरत होती, तरी वेगळी दिसत होती. त्यांच्या मधून विटकरी काहीतरी सरकलं. शर्ट. थंडीत हाताला लागला तो घालून आला होता. पाठीवरचे गुलाब, त्यांच्या भोवती तुरीची पिवळी फुलं, बाकी रंग कुठेच नाही. तो एका ढिगाकडून दुसऱ्याकडे जायचा, वाकायचा, फुंकायचा. विस्तव लाल व्हायचा, चेहऱ्याची एक बाजू उजळायची, परत अंधारात जायची. त्याला घाई नव्हती. मी आहे हे ठाऊक नव्हतं.
मी बाभळीला टेकले. इतकं मोठं काहीतरी चाललं होतं, आणि ते रोजचं होतं.
एकच फोटो काढला. दुसरा काढणं बरं वाटलं नाही.
ऊन आल्यावर त्याने मला पाहिलं. "कवा आली? चहा आनला काय?"

१६ डिसेंबर
फोटो मामांना दाखवला. ते मुद्दाम आर्वीहून आले होते.
"चेहरा कुठी हाय? हा फोटो हाय का कुठी आग लागली?"
आई: "नाकडोये तं दिसाले पाह्यजेत."
"तो शर्ट काऊन असा? सर्कशीतला?"
नि.ने मोबाइल घेतला, बोटांनी मोठा केला. स्वतःला पाहत नव्हता, मागच्या तुरीला पाहत होता. बराच वेळ.
"हाच पाठवा."
"अबे, वर कंपनीत लिवलं हाय अन् खाली तू वावरात धूर करून राह्यला. लोकं हासतीन."
"मंग वरचं खोडा."
आईने चुलीकडे तोंड केलं. मामा म्हणाले, माह्यानं होत नाई, तुमचं तुमी पाहा. मग चष्मा लावला आणि स्वतःच खोडलं. "शेती" एवढंच राहिलं.

१९ डिसेंबर
वर्धा. दोन स्थळांना फोटो गेला. एकाकडून "योग्य वाटत नाही", हात जोडल्याचं चित्र. दुसरीकडून काही नाही.
नि.ला सांगितलं. "बरं" म्हणाला. फुलगळ झाली नाही, हे त्यापुढे.
खोडायला नको होतं का? मी तो फोटो काढला नसता तर...

२३ डिसेंबर
दुसरं स्थळ कारंज्याकडचं. मुलगी प्रणाली, तिथेच दवाखान्यात नर्स. तिच्या बाबांनी मामांना "नाही" कळवलं. त्यानंतर मुलीनेच मामांना फोन केला. मामांना घाम.
"इचारते, धूर काऊन करून राह्यले ते? मी काय सांगू? म्या निलेशचा नंबर देऊन टाकला."
तिचा नि.ला फोन आला. आई म्हणते, ती बोलत कमी होती, हाच बोलत होता. धुवारीवर. ढीग कसा रचायचा, वारा कुठून असला की कुठे. "येवढं तं माह्याशी वर्षभरात बोलला नाई."

२८ डिसेंबर, रविवार
पौष लागला. ठरवाठरवी बंद. तरी प्रणाली येते म्हणते. तिच्या बाबांनी अडवलं, पौषात मुलगा पाहत नाहीत. तिचं उत्तर मामांनी तीनतीनदा सांगितलं, हसत, थोडं घाबरत:
"पोरगा कोन पाहून राह्यला? वावर पाहाले काय पौष आडवा येते?"
आई दिवसभर शब्द शोधत होती. शेवटी म्हणाली, "पोहे तं कराच लागतीन."

४ जानेवारी, रविवार
आले. प्रणाली आणि तिचा भाऊ. ठेंगणी, सावळी, पायांत बूट. पोह्यांची ताटली भावाच्या हातात दिली आणि नि.ला म्हणाली, "चला."
शर्ट त्याने घातला नव्हता. मी काढून ठेवला होता, तो म्हणाला, आज नको, आज काम हाय.
मी मागे, अंतर राखून. धुकं नव्हतं. साधी सकाळ, कोरडी. मला वाटलं, हिला फोटोतलं काहीच दिसणार नाही. तुरीला शेंगा धरल्यात. ती ओळीत शिरली, डोक्यापर्यंत तूर. एक फांदी वाकवून शेंग दाबून पाहिली. मग नुसती उभी राहिली. नि.ही उभा. वाऱ्याने सगळी तूर एकदम वाजली, दोघांच्याही माना वर झाल्या, एकाच बाजूला.
परत येताना तिने विचारलं. माझ्या समोरच, मोकळ्या आवाजात.
"मले आवडलं इथं. पन माही ड्यूटी कारंज्यालेच राहीन, कधी रात्रपाळी असते. तुमी तिकडं राहाले येसान काय?"
नि. थांबला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. कोणत्याच पुरुषाला इथे विचारत नाहीत.
"वावर?" एवढंच म्हणाला.
"मोटरसायकल हाय न. पाहा करून इचार. पौष हाय तवर."

५ जानेवारी
आई: "घरजवाई धाडू काय पोराले? गाव काय म्हनन?"
"प्रणाली भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या बाबांच्या घरात नाही."
"तुले काय समजते? पहाटे धुवारी पडली तं तिकडून पोचनार हाय काय हा?"
नि. दिवसभर विहिरीवर होता, काम नसताना.
दुसऱ्याच्या शेतात गेलेली सून रोज हेच पोटात घेऊन राहते. आईही आली होती कुठूनतरी. तिने संध्याकाळी आपणहून सांगितलं, माहेरी विहिरीला चिंच होती, लग्नानंतर पहिलं वर्ष ती झोपेत दिसायची.

११ जानेवारी, रविवार
पहाटेच नि. निघाला. कुठे ते सांगितलं नाही. अंगात रोजचा पांढरा शर्ट. आईने डबा बांधून दिला, भाकर जास्तीची, दोघांपुरती.
साडेसातला फोन. मी अंगणात, आई मागच्या सालची तूर पाखडत.
"ताई, आर्वीच्या फुडं आलो. कारंज्याच्या अलीकडं हावो."
"बरं."
"इकडं टेकड्या हायेत. आपल्याकडं नजरेले काईच आडवं येत नाई. इथं ऊन एका आंगाले पडते, दुसऱ्या आंगाले आजून रातच हाय. गाडी उभी केली." थांबला. "ताई, हे लय मोठं हाय."
त्याच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलेलं नाही.
"काय ठरवलंस?"
"थांब न. पाहून राह्यलो."
फोनमधून नुसता वारा येत होता.
आईने सूप खाली ठेवलं. "काय म्हनते?"
"टेकडी बघतोय."
पदराने हात पुसत म्हणाली,
"केवढी हाय, इचार."