धन्यावरचा मावा

॥ श्री ॥
वडगाव निंबाळकर
माघ वद्य पंचमी

प्रिय श्रेया,

तुझ्या वडिलांचा, सर्जेरावांचा, निरोप येऊन तीन आठवडे झाले. तुझं पुढचं सगळं माझ्या उत्तरावर अडलंय हे ठाऊक असून मी गप्प राहिले. आधी धन्याचं सांगते, मग उत्तर देते.

यंदाही विहिरीकडच्या वीस गुंठ्यांत धने केले. फुलोरा आला, हवा ढगाळली आणि रस शोषणारा बारीक किडा, मावा, पडला, दोन वर्षांपूर्वीसारखाच. तेव्हा माझा लेक युवराज जाऊन चार महिने झाले होते आणि ते पीक तू एकटीनं उभं केलं होतंस. "आत्या, औषध मारू नका, ढालकिडे आलेत, ते मावा खातात," म्हणालीस. ढालकिडा मला माहीत होता, लाल, ठिपक्यांचा. पण फांद्यांवर काळ्या, काटेरी, नारिंगी डागांच्या अळ्याही फिरत होत्या. मला वाटलं, पीक याच खातायत. औषधाचा खर्च कशाला, म्हणून तू बारामतीला गेलीस त्या दिवशी मी त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. डबाभर. तुला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत मावा असा माजला की पानं चिकट होऊन काळी पडली. आणि मी दारात, शेजारच्या चतुराबाईसमोर बोलले, "हिचा हात लागंल तितं असंच हुतंय. माझं लेकरूबी असंच गेलं." तू तिथंच भांडी घासत होतीस. आठवड्याभरात सासर सोडून डाळजला माहेरी गेलीस.

यंदा पौष वद्य एकादशीला तशीच अळी दिसली. त्या दिवशी जीव मारवेना, म्हणून माव्याच्या डहाळीसकट मोरांब्याच्या बरणीत ठेवली, वर फडकं बांधलं. चतुराबाई हसली, "कौसल्या, किड्याला पाव्हणचार करतीस व्हय?" एका दिवसात अळीनं डहाळीवरचा मावा साफ केला, पानाला तोंड लावलं नाही. मी रोज नवी डहाळी घालायची, वहीत लिहून ठेवायची. सहाव्या दिवशी ती काचेला चिकटली, हलेना. मेली म्हटलं. पाच दिवसांनी पूजा उरकून बघते तर कवच उललेलं आणि शेजारी पिवळा किडा. दुपारपर्यंत त्याच्यावर ठिपके उमटले. ती ढालकिड्याचीच पिल्लं होती गं. मारली मी आणि बोल लावला तुला.

चतुराबाईला मी दारातच सांगितलं, "धनं म्या घालवलं, पोरीनं न्हाय."

आत्या नाही म्हणाल्या तर लग्न करणार नाही, असं तू कळवलंस. उत्तर दिलं नाही ते रागानं नव्हे. तू दुसऱ्या घरी गेलीस की युवराज जेवताना कसा गुणगुणायचा, हे माझ्याशी बोलणारं कोणी उरत नाही. एवढ्यासाठी तुला धरून ठेवलं. माझं हो आहे, श्रेया. तुला मागणी घालणारा अजितराव भला माणूस आहे म्हणतात. हे पत्र वडिलांना वाचून दाखव, धन्याचंसुद्धा. नव्या घरात युवराजचं नाव काढायची चोरी वाटली, तर मला फोन कर. तू बोल, मी ऐकते.

तुझीच,
आत्या