एडवर्डची नाणी कुणी घासू नयेत

मी, रिटा एडवर्ड डाबरे, राहणार नंदाखाल, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. ज्यांनी दबाव टाकून पाहिला त्यांचे नाव पुढे येईलच.

१. राहते घर, केळीची वाडी व विहीर पतीच्या पश्चात माझ्या एकटीच्या मालकीची आहेत. ती माझी एकुलती मुलगी रिचेल हिला मिळावीत. तिने जितेश चौधरी यांच्याशी लग्न केले तेव्हा माझे दीर सिप्रियन यांनी तिला सगळ्यांसमोर बोल लावले. मुलगी मानी. बरीच वर्षे ती इकडे फिरकली नाही.

२. एडवर्ड आगाशीच्या बाजारात केळी विकून परतताना सोनाराकडे मोडीत आलेली जुनी नाणी पाहत बसत. कधी राणीछाप रुपया आणत, कधी पोर्तुगीज अमलातले तांब्याचे नाणे. मासळी आणायला विसरत, नाणे कधी विसरले नाहीत. ती त्यांनी मऊ प्लास्टिकच्या खिशांच्या आल्बममध्ये ठेवली होती. ते वारल्यावर "वहिनी, एकट्या बाईच्या घरात चांदी नको," म्हणत सिप्रियन आल्बम घेऊन गेले. मी मागून मागून थकले तेव्हा कुठे त्यांनी तो परत आणला. नाण्यांवर हिरवा, चिकट थर बसला होता.

"सडली ही," सिप्रियन म्हणाले. "वितळवून चर्चमधल्या सायबिणीला, मरियामातेला, मुकुट करू. खाली आपल्या घराचं नाव घालू."

एक रुपया त्यांनी चिंच आणि राखेने घासून आणला होता. चकचकीत होता, पण राणीला नाकडोळे उरले नव्हते. मी आल्बम त्यांच्या हातून ओढून घेतला आणि रिचेलला फोन केला.

रिचेल तारापूरला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. ती रविवारी जितेशना घेऊन आली. भिंगातून पाहून म्हणाली, "आई, चांदी सडलेली नाही. प्लास्टिकमधलं तेलकट सुटून वर बसलंय."

"निघेल?"

"निघेल. पण घासायचं नाही. थांबायचं."

तिने शुद्ध ॲसिटोन आणले होते. चूल विझवून खिडक्या उघडल्या. झाकणाच्या काचेच्या बरणीत नाणी बुडवली, कारण प्लास्टिकचे भांडे त्यात विरघळते. हिरवे सुटले की दुसऱ्या बरणीत, ताज्या ॲसिटोनमध्ये. जितेश हातमोजे घालून प्रत्येक नाणे कडेने उचलत आणि मऊ कापडावर नुसते ठेवत. पुसत नसत. अक्षरे वर येऊ लागली तेव्हा मला एडवर्ड जवळ बसल्यासारखे वाटले. काही नाण्यांना खड्डे पडले होते.

"हे आता भरून येणार नाही, आई."

"असू दे. नाणी तर राहिली."

त्या दिवसापासून ती दोघे दर रविवारी येतात.

तो घासलेला रुपया सोडून बाकी सर्व नाणी रिचेलला द्यावीत. ठेवावीत, विकावीत, तिची मर्जी. मात्र मऊ प्लास्टिकमध्ये पुन्हा घालू नयेत. जुना तपकिरी रंग काढू नये. तो वयाचा आहे. नखांचा रंग काढायचे पाणी वापरू नये, त्यात सुगंध आणि तेल असते. उरलेले ॲसिटोन विहिरीजवळ ओतू नये.

३. घासलेला रुपया सिप्रियन यांना द्यावा. तो त्यांनीच केला आहे.

४. सायबिणीला मुकुट हवाच. त्यासाठी माझ्या सोन्याच्या बांगड्या चर्चला द्याव्यात. खाली कुणाचेही नाव घालू नये.

५. सिप्रियन यांचा मुलगा केल्विन वाडीत मनापासून राबतो. बापाच्या वागण्यात त्याचा दोष नाही. एडवर्डचे कोयते, फवारणीचा पंप व मोटारसायकल त्याला द्यावी, आणि वाडी कसायची असेल तर रिचेलने आधी त्याला विचारावे.

६. या मृत्युपत्राची कुणकुण लागताच सिप्रियन आले. "वहिनी, वाडी परक्या घरात जाईल."

"माझी मुलगी आहे ते घर परकं कसं?"

ते चहा न घेता गेले. माझा निर्णय बदललेला नाही.

हे सर्व मी माझा भाऊ निकोलस आणि शेजारी धर्मा पाटील यांना मोठ्याने वाचून दाखवले. निकोलस म्हणाला, "रिटा, सिप्रियनबद्दलचं जरा कमी कर."

"त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही."

"मग सही कर."

दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

रिटा एडवर्ड डाबरे

साक्षीदार:
निकोलस लोपीस
धर्मा पाटील

नंदाखाल, १४ ऑक्टोबर २००३