अब्वोलीची जखम

६ जून

पोचले एकदाची! बोडावाल्याने ट्रंक मोटरसायकलच्या टाकीवर आडवी टाकली आणि चहाच्या मळ्यांतून अशी काही दामटली, की डोळे मिटूनच बसले. फाटकाशी उतरले तर टोपीभर धूळ. रखवालदार हसून म्हणाला, मुसावो, म्हणजे नर्सबाई, म्हणून आलीस की पिठाच्या गिरणीतून आलीस?

आमची जुनी शाळा बंद पडली तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं पाण्यात गेली. पण या मिशनच्या दवाखान्याने मला घेतलं. आता वॉर्डातलं उरलेलं काम, नोव्हेंबरात प्रात्यक्षिक परीक्षा, की मी एनरोल्ड नर्स. आईने सगळ्या डोंगराला आधीच सांगून टाकलंय. निघताना म्हणाली, म्बाम्बू, नापास झालीस तर मलाच गाव सोडावं लागेल हो!

इथल्या ट्यूटर सिस्टर काबाहेंडा. बायकांचा वॉर्डही त्यांच्याकडेच. चहा त्यांनी स्वतः ओतून दिला. माझा हात हातात घेऊन बोटं एकेक करून दाबून पाहिली. घरी कोण कोण, विचारलं. म्हटलं, आई फक्त, डोंगरापलीकडे. त्या म्हणाल्या, हात चांगले आहेत तुझे.

११ जून

मुलींचं काही जमत नाहीये. जेवायला बसले की बाकडं सरकतं. आज चादरीचे कोपरे दुमडत होते तर कातुसाबे (आमच्या वर्गाची म्होरकी, जिभेला हाड नाही) मागून म्हणाली, डोंगरात शेळ्यांचे बिछाने करत होतीस का गं? सगळ्या हसल्या. मीही हसले. हसलं की लवकर कंटाळतात, असं वाटलं होतं. नाही कंटाळल्या.

मक्याच्या पिठाचा पोशो कच्चा होता, घेवड्यात खडे. तरी पोटभर जेवले.

१९ जून

मला माझा परीक्षेचा रुग्ण मिळाला. इतक्या लवकर कुणालाच मिळत नाही म्हणे.

व्हरांड्याच्या टोकाला वेगळी खोली आहे, तिथे सिस्टरांची मुलगी असते. सगळे तिला अब्वोली या लाडाच्या नावानेच ओळखतात. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या ट्रकवरून पडली, तेव्हापासून अंथरुणात. बोलत नाही, नुसती बघते. माकडहाडावर बेडसोर आहे, बशीएवढा, डावीकडे फाटलेल्या पानासारखी कड. तळाशी हाड दिसतं. दोन्ही टाचाही गेल्यात.

सिस्टर म्हणाल्या, ही जखम भरून आणलीस तर परीक्षक दुसरं काही विचारणार नाही. नाही आणलीस तर ट्रंक बांध. हातमोजे मागितले, तर म्हणाल्या, ते बाळंतिणींच्या वॉर्डासाठी. मोज्यांतून बोटं काय शिकणार?

कातुसाबेने अब्वोलीचं ताट आणलं. कोपरापर्यंत मोजे घातले होते तिने. ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि गेली.

८ जुलै

भरतेय! हाड झाकलं गेलं. लाल, ओलं, जिवंत मांस धरतंय. असं मी पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलते, मिठाच्या पाण्याने धुते, बोटांनी कडा चोळते.

सिस्टरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. एकीनेही टाळी वाजवली नाही. कातुसाबे माझ्या हातांकडे बघत होती.

माझी मात्र पाठ धरलीय. खाटेची दोरी सैल झाली असावी.

२ ऑगस्ट

अब्वोलीच्या टाचा कोरड्या, गुळगुळीत. माझ्या टाचेवर काळा डाग आलाय. बूट चावतो, दुसरं काय.

सकाळी न्हाणीघरात कातुसाबे माझ्या मागे उभी होती. तिच्या हातून बादली पडली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, अंघोळ दुसरीकडे करत जा. घाण कुठली.

दुपारी चादरी वाळत घालताना ती शेजारच्या दोरीवर आली. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. गेल्या वर्षी बुंदिबुग्योची एक मुलगी होती. तिचंही असंच कौतुक व्हायचं. तिने अब्वोलीला टाचांपर्यंतच बरं करत आणलं. मग गेली. मळ्यामागे पुरली.

मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुझ्या जागी मी असते.

चिमटा लावला आणि गेली.

३ ऑगस्ट

आरसा उलटा धरून पाठ पाहिली. माकडहाडावर बशी. डावीकडे फाटलेल्या पानासारखी कड.

९ ऑगस्ट

सिस्टरांकडे गेले. सांगितलं, मी त्या खोलीत जाणार नाही. वाटलं, ओरडतील. त्यांनी दार लोटलं, खुर्ची दिली, खाली उशीसुद्धा ठेवली. म्हणजे त्यांना माहीत आहे मला कुठे दुखतं.

म्हणाल्या, बंद शाळेची मुलगी तू. मी सही केली नाही तर तुला परीक्षेच्या खोलीचं दारही कुणी उघडणार नाही. मग डोंगर चढ आणि आईला सांग. म्हटलं, मी मरेन. त्यांनी खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, तुला मूल नाही, तुला कळायचं नाही. आधीची अशक्त होती. तू डोंगरातली आहेस, टिकशील.

तोंडावर सांगितलं! कसाई बकरं जोखतो तशी.

१० ऑगस्ट

कातुसाबेचे मोजे चोरले, घालून गेले. हात लावताच अब्वोली किंचाळली. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज. भरलेली जखम माझ्यादेखत उसवली, शिवण उसवावी तशी. सिस्टर धावत आल्या, मोजे माझ्या बोटांवरून ओरबाडून काढले, माझा पंजा धरून जखमेवर दाबला.

मिटत गेली. मला माझ्या पाठीत कळत होतं, कुठपर्यंत मिटली ते.

२१ ऑगस्ट

आज निघालेच होते. ट्रंक टाकून, नुसत्या कपड्यांनिशी. फाटकापर्यंत आले आणि टाच फुटली. बूट भरला. रखवालदाराने दोघांना हाक मारून स्ट्रेचरवर घालून परत आणलं. व्हरांड्यात मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, राणीसाहेब पालखीतून आल्या!

कातुसाबे हसली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१४ सप्टेंबर

अब्वोली उठून बसली. वाफवलेली केळी, शेंगदाण्याची आमटी, सगळं स्वतःच्या हाताने खाल्लं. खाऊन झाल्यावर माझं मनगट धरलं. कसली पकड! म्हणाली, तुझे हात फार ऊबदार आहेत.

सोडवेना. सिस्टर दारात उभ्या होत्या. रडत होत्या. आनंदाने.

६ ऑक्टोबर

उताणं झोपता येत नाही. कुशीवरही नाही, आता खुबे गेलेत. माझ्या जखमेला कुणी हात लावत नाही. स्वतःच धुते, जिथपर्यंत हात पोचतो. वास येतो. जेवायला बाकडं सरकत नाही आता, बाकड्यावर कुणीच नसतं.

तरी रोज त्या खोलीत जाते. का? सिस्टर बोलावतात म्हणून. परीक्षा आहे म्हणून. इतकं दिल्यावर नर्सचा पट्टा तरी—

३० ऑक्टोबर

अब्वोली चालली. खिडकीपर्यंत. मी तिला धरून होते— की ती मला.

१२ नोव्हेंबर

परीक्षक आले, कंपालाहून. जाड भिंगांचे, घाईतले. त्यांनी अब्वोलीची पाठ पाहिली, बोट फिरवलं, पुन्हा पाहिली. म्हणाले, माझ्या नोकरीत असा बेडसोर भरलेला पाहिला नाही. कुणी केलं हे?

सिस्टरांनी मला पुढे केलं. मी उभी राहायचा प्रयत्न—

पास आहे. पडता पडता ऐकलं.

१५ नोव्हेंबर

अब्वोलीच्या खाटेवर मी. गादीला तिच्या अंगाचा खळगा. मला बरोबर बसतो.

सिस्टरांनी नर्सचा पट्टा आणला, माझ्या उशाशी ठेवला. म्हणाल्या, शब्द पाळते मी. त्यांच्यामागे अब्वोली, पायांत नवे बूट. दोघी बाहेर गेल्या. चालत.

ताट उंबऱ्यात. हात पोचत नाही.

१८ नोव्हेंबर

कातुसाबे आली. मोजे घालून, पण आत आली. ताट हाताशी सरकवलं. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. म्हणाली, मी तुझ्या आईला निरोप धाडलाय. चहाच्या लॉरीने निघालीय. तुझ्यासाठी एवढंच करू शकले, माफ कर.

मी ओरडले. तिला कळेना. म्हणाली, अगं, आई येतेय तुझी, रडतेस काय?

परत पाठव म्हटलं. फाटकातूनच. पाया पडते तुझ्या—

मग तिला कळलं. तोंडावर हात ठेवून पळाली ती.

१९ नोव्हेंबर

फाटकाशी लॉरी. आईचा आवाज. माझी मुसावो कुठाय, विचारतेय सगळ्यांना. हसतेय—

कातुसाबे अडवतेय. मोजे घाल म्हणतेय. आई म्हणाली, पोटच्या पोरीला हात लावायला मोजे? वेडी का काय तू?

आत आली. मी म्हटलं, जा. जवळ येऊ नकोस. शिव्या दिल्या तिला. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, ताप चढलाय लेकराला.

पाणी तापवायला गेलीय. बाह्या वर केल्यात—

आली. भिंतीकडे तोंड करून वळवलंय मला. वही उशीवर. ती मागे आहे. दिसत नाही. सांगते पुन्हा— आई, नको—

हात.

गार. किती गार. जून महिन्यानंतर पहिल्यांदा दुखत नाही. पाठीतून काहीतरी निथळून जातंय आणि ती गुणगुणतेय. हात काढ म्हणायचं आहे. तोंड उघडलंय. म्हणते. आत्ता म्हणते, जरा हे एवढं ओसरलं की