पाणी जातंय कुठं?

२ मार्च १९७६, मेढा
गाडी आज परत तापली. शाळेपासून घर ते केवढं, तरी बॉनेटमधून वाफ. सकाळी भरलेल्या रेडिएटरमध्ये संध्याकाळी दोन तांबे पाणी कमी. जमिनीवर मात्र थेंब नाही.
१९ ला साताऱ्यात मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन. आधीची तारीख हुकली, निघताना एस.टी.च्या पायरीवरून पडले. तेव्हापासून हट्ट, "यष्टीत चढायचा न्हाई म्हंजे न्हाई." हे फौजेत, तिकडे सीमेवर. त्यांना न्यायला मी एकटीच. लायसन येऊन महिना झालाय.

४ मार्च
स्टँडजवळच्या मेकॅनिकनं रबरी नळी बदलली. "बाई, आता बघायला नको."
संध्याकाळी बघितलं. दोन तांबे कमी.

७ मार्च
सुट्टी. बॉनेट उघडून नुसती उभी होते. पडवीतनं मामांचा आवाज, "पाणी जातंय कुठं?"
वीस वर्षं फौजेत ट्रक चालवलाय त्यांनी. दिसेनासं झाल्यापासून बाजेवर गप्प बसून असतात, जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते. आज भिंत धरून बाहेर आले. "चालू कर." इंजिनावर वाकून वास घेतला.
"खाली पडायच्या आदीच वाळतंय. म्हणून दिसंना. धुराच्या नळीपाशी कुटंतरी हाय बघ."
किती दिवसांनी एवढं बोलले.

१४ मार्च
सापडलं!!
मामा म्हणाले, "पांढरी भुकटी पायजे. शाळंत खडू असत्यात न्हवं?" आठ खडू खलबत्त्यात कुटले. इंजिन फडक्यानं कोरडं केलं, जोडाजोडावर पूड मारली. गाडी सुरू केली. दहा मिनिटं काहीच नाही.
"रेस दे."
"आवं मामा, रेस देऊ का बघू?"
मग चाचपडत स्वतःच स्टिअरिंगमागे बसले. पाय बरोबर पेडलवर. "गेर न्यूट्रलला हाय का?" विचारलं आणि अशी रेस दिली की शेजारचे बाहेर आले.
पार मागे, धुराच्या नळीआड, पांढऱ्यात एक काळी रेघ उतरली. इंजिनातल्या पाण्याचं तोंड बंद करणारी रुपयाएवढी पत्र्याची चकती, गंजून तिला सुईएवढं भोक. तिथनं पाणी गरम नळीवर आणि नळीवर पडलं की वाफ. मनगट भाजलं माझं, ते आत्ता लिहिताना कळतंय.
मामा स्टिअरिंग सोडायला तयार नाहीत.

१५ मार्च
मेकॅनिक म्हणतो, ही चकती इथं मिळायची नाही, साताऱ्याला जा. म्हणजे गळती घेऊनच जायचं. मनात धाकधूक. मामा निर्धास्त. "रेडेटरचं झाकण घट्ट लावू नगंस. दाब धरला न्हाई तर कमी गळंल. मी हाय की."

१७ मार्च, सातारा
उजाडताच निघालो. चार डबे पाणी. मामा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. "थांब आता." की थांबायचं, निवू द्यायचं, भरायचं. असं तीनदा. एकदा मला काहीच जाणवलं नव्हतं, बॉनेट उघडलं तर वाफच वाफ.
पोचलो.
रशीदभाई म्हणून वयस्कर मिस्त्री. जुनी चकती उपसून नवी ठोकली. "बाई, ही जागा कुणी दाखवली?" मी मामांकडे बोट केलं. रशीदभाई बघतच राहिले. "चाचा, आमालाबी दोन दिस लागलं असतं."
मामांनी मिशीवरनं हात फिरवला.

१९ मार्च
झालं ऑपरेशन. डॉ. म्हणाले व्यवस्थित. मामा आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२८ मार्च, मेढा
परत आलो. पट्टी निघाली. चष्मा महिन्यानं, पण रस्ता, झाडं, माणसं धूसर का होईना दिसतात. वाटेत एकदाही पाणी घालावं लागलं नाही. निम्म्या वाटेत मामा म्हणतात, "पोरी, लय मधनं चालवतीस. डावी धर." इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली.
मग मामा, "कवठे महांकाळला माझा जोडीदार हाय, पलटणीतला. धा वर्सं गाठ न्हाई. जिता हाय का तेबी ठाव न्हाई. जायाचं का?"
म्हटलं, डॉक्टरांना विचारू.
"डाक्टरला काय इचारतीस? गाडीला इचार."
केवढा लांबचा रस्ता. मी हो म्हणाले नाही. घरी आल्यावर बॉनेट उघडून पाणी मात्र बघितलं, काठोकाठ होतं.