कारणाचा रकाना

प्रिय भिंगरी,

‘प्रिय’ लिहायला दोन दिवस लागले. नुसतं तुझं नाव लिहून पाहिलं, तर कागद नोटिशीसारखा दिसायला लागला, आणि नोटिशी मी या वर्षात पोटभर वाचल्यात. म्हणून ‘प्रिय’ राहू दिलं. जुनी सवय समज.

मुलगी बरी आहे. सात महिन्यांची झाली, खालचे दोन दात आलेत. इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, पण दात आपणहून हिरडीतून वर येताना मी पहिल्यांदाच बघतेय. सासूबाई म्हणतात, नाक आईचं आणि हट्ट बापाचा. तू तिला बघायला आली नाहीस, याचं वाईट वाटलं नाही. आली असतीस तर दार उघडलं असतं की नाही, माझं मलाच सांगता येत नाही.

आपण लॅबमध्ये एकाच आठवड्यात लागलो. नऊ वर्षं शेजारी शेजारी बसून मेणात दात रोवले. पुढचे दात माझे, दाढा तुझ्या. ‘आपण दोघी मिळून एक तोंड,’ असं तूच म्हणायचीस, आणि प्लास्टरकाका साचे ओतता ओतता म्हणायचे, ‘तोंड एक, पण बडबड बत्तीस जणांची.’ तुला सुपरवायझर केलं, हजेरीचं रजिस्टर तुझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. वाटलं, बरं झालं, आपलं माणूस वर गेलं.

मग मला दिवस गेले आणि सातव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. उलट्या म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. तशा नव्हत्या गं त्या. दिवसातून वीस-वीस वेळा. घोटभर पाणी ठरायचं नाही. कवळीच्या त्या ॲक्रिलिकचा वास तर सोडच, घरात कुणी अंगाला साबण लावला तरी मी मोरीकडे धावायचे. पोटात काही उरलं नाही की हिरवं कडू पित्त पडायचं, त्यात रक्ताच्या रेषा. नऊ किलो वजन उतरलं. तीनदा दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावायला नर्सला शीर सापडेना, दोन्ही हात काळेनिळे. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, ‘गरोदरपणामुळे होणाऱ्या तीव्र उलट्या, काम करण्यास असमर्थ.’ तू भेटायला आलीस, पायाशी बसलीस आणि म्हणालीस, ‘तू फक्त पोटातलं सांभाळ. रजेचं मी बघते.’ त्या एका वाक्यावर मी चार महिने निर्धास्त पडून होते. दर पंधरवड्याला हे नवी चिठ्ठी घेऊन तुझ्या टेबलाशी येत होते आणि तू त्यांना सांगत होतीस, ‘तिला म्हणावं, घाई करू नकोस.’

आणि मग पत्र आलं. प्रदीर्घ गैरहजेरीबद्दल समक्ष येऊन खुलासा करावा. मला वाटलं, काहीतरी घोळ झालाय. तुला फोन केला, तू उचलला नाहीस. सात वेळा केला. ठरल्या दिवशी मी यांच्या खांद्याचा आधार घेत, हातात प्लास्टिकची पिशवी धरून मालकांच्या खोलीत आले. यांना बाहेर बसवलं. मालकांना आपण सगळे मामा म्हणतो, म्हणजे पगारवाढ मागताना भाचीलाच लाज वाटावी. मामा म्हणाले, ‘आपण एक कुटुंब आहोत गं. पण घरात तरी माणसानं किती दिवस लोळत पडायचं?’ मी तुझ्याकडे बोट करून म्हटलं, ‘हिला विचारा. सगळ्या चिठ्ठ्या हिच्या हातात दिल्यात.’ तू वहीत लिहीत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘उलट्या सगळ्यांनाच होतात, मामा. माझ्या आईची पाच बाळंतपणं झाली, कामावर एक खाडा नाही.’ त्याच क्षणी मला उमळून आलं. तिथेच, त्या पिशवीत. मामांनी नाकाला रुमाल लावला. तू खुर्ची मागे सरकवलीस. मला कुणी पाणी दिलं नाही. आठ दिवसांनी कामावरून काढल्याचं पत्र घरी आलं आणि माझी हत्यारं एका बुटाच्या खोक्यात.

हे म्हणाले, सोडून दे, जीव वाचव. मी सोडणार होते. पण सासूबाईंनी मला रिक्षात घातलं आणि कामगार कार्यालयात नेलं. तिथल्या अधिकारी बाई एकदम रुक्ष. हसणं नाही, ‘अरेरे’ नाही. पत्र वाचलं आणि म्हणाल्या, ‘साधं आजारपण वेगळं आणि गरोदरपणातून आलेलं वेगळं. हे दिवस गैरहजेरीत धरायचेच नसतात. आणि त्यावरून कामावरून काढता तर मुळीच येत नाही. चिठ्ठ्या कुठायत?’ चिठ्ठ्या तुझ्याकडे. लॅबनं लेखी कळवलं, आमच्याकडे काही आलेलं नाही. दवाखान्यात नकला होत्या म्हणून निभावलं.

बाईंनी रजिस्टर मागवलं आणि माझ्यासमोर फिरवून ठेवलं. माझ्या नावापुढे कारणाच्या रकान्यात तुझं तिरकं अक्षर, ‘आजार’. पहिल्या नऊ आठवड्यांच्या जागी कागद विरळ झालेला. बाईंनी ते पान खिडकीशी धरलं. खरवडलेल्या जागी खालचा शब्द दिसत होता, ‘गरोदरपण’. तोही तुझ्याच अक्षरात. म्हणजे तुला कळत होतं. तू आधी बरोबर लिहिलं होतंस. मग एक दिवस पातं घेऊन बसलीस आणि एकेक आठवडा खरवडत गेलीस. मामांनी सांगितलं असेल, नाही म्हणत नाही. पण हात तुझा होता. मामांची मला चीड आली. तुझी किळस आली. उलट्या थांबल्या, बाळंतपण झालं, तरी तुझं अक्षर आठवलं की घशाशी काहीतरी यायचं.

मागच्या महिन्यात निकाल लागला. मला कामावर परत घ्यायचं, नोकरी सलग धरायची, गैरहजेरीचा शेरा काढायचा. दुसऱ्या दिवशी मामांचा पुष्पगुच्छ आला, वर चिठ्ठी, ‘कुटुंबात पुन्हा स्वागत.’ मी तो कचऱ्याच्या गाडीत टाकला. गाडीवाला म्हणाला, ‘ताजा आहे की ताई.’ म्हटलं, ‘वास येतो.’

हे सगळं तुला ठाऊकच आहे. पत्र त्यासाठी नाही. परवा प्लास्टरकाका मुलीला बघायला आले होते. जाता जाता म्हणाले, ‘तुझी जोडीदारीण हल्ली ॲक्रिलिकच्या खोलीतून तोंड दाबून पळते. तीन आठवडे झाले. दोनदा बेसिनपाशी बसलीच खाली.’ आणि मामा सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, ‘आता हिचंही सुरू झालं वाटतं,’ आणि रजिस्टर ‘थोडे दिवस’ नव्या मुलीकडे दिलं. खरं सांगते, मला आनंद झाला. चांगला दिवसभर टिकला. भोगू दे, म्हटलं. संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन भरवताना तो आनंद अजून आत होता, आणि मला माझीच शिसारी आली. म्हणून हा कागद घेतला. नीट वाच. पाणी ठरत नसेल तर आजच डॉक्टरकडे जा, ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून घरी बसू नकोस. प्रत्येक चिठ्ठीवर ‘गरोदरपणामुळे’ हा शब्द आहे का, बघून घे. नसेल तर तिथेच उभी राहून लिहून घे. चिठ्ठी कुणाच्या भरवशावर देऊ नकोस, नकलेवर पोच म्हणून सही घे आणि ती नक्कल घरात ठेव. राजीनामा कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नकोस. सोमवारी मी कामावर येतेय. तुला त्या खोलीत बोलावतील, बोलावणारच. सोबत एक माणूस नेता येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मला हाक मार. तुला माफ केलेलं नाही, आणि करीन की नाही माहीत नाही, पण मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन आणि ते काय काय बोलतात ते शब्दन् शब्द लिहून घेईन.

तुझीच,
शेजारीण