इंदूला भाऊ नाही

१२ जुलै
माझ्या कादंबरीवर परिसंवाद. अध्यक्ष म्हणाले, इतका निर्मम निसर्गवाद मराठीत क्वचितच. मी मान खाली घालून विनयाने वगैरे बसलो. मग बोललो, नेहमीचंच. लेखकाने फक्त बघायचं, मधे पडायचं नाही. तसला नवरा, तसलं घर, नायिका इंदूला विहिरीशिवाय वाट नव्हतीच. टाळ्या बऱ्या पडल्या.
घरी आलो. गाडी लावताना सुमन म्हणाली, ‘अक्कांनी वाचलं तर हो?’ इंदू म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का, हे फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक. पुस्तक हुपरीला, तिच्या सासरी, पाठवलेलं नाही.

१५ जुलै
अक्काचा फोन. शेजारच्या पोरीने कॉलेजातून पुस्तक आणलं म्हणे.
‘समदं वाचलो बघ. परातीत पदर झटकायचं बी लिवलास व्हय रं?’
लिहिलंय. त्यांच्या घरात पैंजणांचं काम. अक्का बाहेर निघाली की दाजी परात पुढं करतात, चांदीची कणी पदराबरोबर जाऊ नये म्हणून. समीक्षकांना तेच पान सगळ्यात आवडलं!
वाटलं रडेल, निदान शिव्या घालेल. हसली. मग, ‘एक इचारू? इंदूला भाऊ का न्हाय?’
म्हटलं, कथेची गरज.
‘आसंल,’ म्हणाली.

१६ जुलै
तासावर लक्ष नाही. पोरं चुळबुळ करत होती, करू दिली.
पहिल्या खर्ड्यात भाऊ होता. अक्का दोनदा घर सोडून आली, दोन्ही वेळा मीच एसटीने पोचवून आलो. नांदत्या घरात मधे कोण पडणार, म्हणालो. वर दाजींच्या हातचा चहा प्यालो. हे कागदावर उतरलं तेव्हा विहीर त्या भावाच्या गळ्यात पडायला लागली. मग काढलाच त्याला. आणि नाव निसर्गवादाचं. लाज वाटते. नुसता कानकोंडेपणा नव्हे, लाज.

२२ जुलै
सुमनने विचारलं, पंचमीला मुराळी कोण जाणार? बहिणीला न्यायला भावाने जायचं, हे काय मला शिकवायला हवं? कित्येक वर्षं पेपर तपासायचे आहेत म्हणून टाळतोय. श्रावणात पेपर कसले! अक्का दर पंचमीला बॅग भरून ठेवते, हे सुमनला माहीत होतं. मला आज कळलं.

२८ जुलै
फोन केला. ‘उद्या न्यायला येतो.’
अक्का हळूच म्हणाली, ‘किती दिसांसाठी?’
तू म्हणशील तेवढे, असं ओठांवर आलं. तोंडातून निघालं, ‘बघू की.’ विहिरीचं प्रकरण लिहिताना पेन कुठे अडलं नव्हतं.

२९ जुलै, पंचमी
हुपरी. अक्का नेसून तयार. बॅग चांगली जड, मीच उचलली. दाजींनी उंबऱ्यात परात धरली. तिने पदर झटकला, शेजारणी बघत होत्या. मीही बघत उभा.
‘पावणं, उद्या सांजच्या आत पोचवा,’ दाजी म्हणाले. मी मान हलवली. का हलवली?

३० जुलै
संध्याकाळ. अक्काची बॅग आमच्या घरी भिंतीशी, अजून उघडलेली नाही. दाजींचा फोन मघापासून वाजतोय. सुमन म्हणते, काय ते एकदा बोला.
अक्का समोर बसून माझ्याकडे नुसती बघतेय.